तुवालू: जमीन उंच करायची की माणसं हलवायची?

निवळशंख
2025 च्या जून-जुलैत तुवालूमधल्या 8,750 जणांनी, घरची माणसं धरून, ऑस्ट्रेलियाच्या एका व्हिसासाठी सोडतीत नावं घातली. देशाची एकूण वस्ती दहा-अकरा हजार आणि जागा वर्षाला फक्त 280. आपल्याकडे ही बातमी 'बुडत्या देशातून पळापळ' अशा थाटात आली आणि दुसऱ्या दिवशी मागे पडली. मला ती तशी सोडवत नाही, म्हणून हा धागा.

नकाशावर हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर बोट ठेवा. नऊ बेटं, सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर जमीन. सर्वांत उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास. निम्म्याहून जास्त लोक राजधानी फुनाफुतीत राहतात. तिथली मुख्य पट्टी फोंगाफाले काही ठिकाणी एवढी अरुंद आहे की जेमतेम रस्ता मावतो. एका हाताला खुला समुद्र, दुसऱ्या हाताला लगून, म्हणजे बेटांच्या कड्याने वेढलेलं शांत पाणी. गेल्या तीस वर्षांत तिथे समुद्र सुमारे 15 सेंटीमीटरने चढला आहे. वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या उधाणाची भरती येते तेव्हा पाणी नुसतं किनाऱ्यावरून येत नाही, घरामागच्या जमिनीतून बुडबुडे काढत वर येतं. सगळं बेट प्रवाळाच्या चुऱ्याचं, चाळणीसारखं. बाहेरून भिंत घातली तरी हे पाणी तिच्या खालून येणारच.

त्यांच्यापुढे सध्या दोन वाटा दिसतात. पहिली, जमीन उंच करण्याची. ग्रीन क्लायमेट फंडाच्या पैशातून लगूनमधली वाळू उपसून फुनाफुतीत 780 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद असा नवा उंच पट्टा 2023 मध्ये तयार झाला. पुढचा आराखडा 3.6 चौरस किलोमीटर उंच जमिनीचा आहे. दुसरी वाट फालेपिली कराराची. ऑस्ट्रेलियाबरोबर 2023 च्या नोव्हेंबरात सही झाली, 2024 च्या ऑगस्टपासून तो लागू आहे, आणि वर्षाला 280 जणांना कायमचं राहायला जाता येतं.

माझं मत पहिल्या वाटेच्या बाजूने आहे. पैसा, माणसं, मुत्सद्देगिरी सगळं आधी जमिनीवर आणि पाण्यावर लावावं. दहा वर्षांत 2,800 माणसं गेली तर देशाचा चौथा हिस्सा गेला, आणि त्यात तरुण जास्त असणार. मग शाळेत शिकवणार कोण, दवाखाना चालवणार कोण, बोटीचं इंजिन दुरुस्त करणार कोण? तुम्हाला काय वाटतं? त्या भागाशी कुणाचा संबंध आला असेल तर जरूर लिहा.

चौकस
विषय चांगला, पण 'बुडतंय' हे आधी तपासून घेऊ. 2018 मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी तुवालूच्या 101 लहान-मोठ्या बेटांचे 1971 ते 2014 पर्यंतचे हवाई आणि उपग्रही फोटो ताडून पाहिले. समुद्र चढत असतानाही एकूण जमीन 2.9 टक्क्यांनी वाढलेली निघाली. जवळपास तीन चतुर्थांश बेटं मोठी झाली. लाटा प्रवाळाचा चुरा आणून किनाऱ्यावर टाकतात, बेट सरकतं, आकार बदलतं. हे लक्षात न घेता देश हलवायच्या गोष्टी करणं मला घाईचं वाटतं.

रानजाई
@चौकस, तो अभ्यास पक्का आहे, पण त्यात क्षेत्रफळ मोजलं आहे, उंची नाही. वाळूची पट्टी पश्चिमेला चार मीटर वाढली म्हणून पूर्वेला खारं झालेलं परसू परत गोडं होत नाही. जिथे वाळू साचली तिथे बहुतेक वेळा कुणी राहत नाही. जिथे लोक राहतात तिथे धक्के, रस्ते, भिंती बांधल्यामुळे वाळू फिरायला वाव उरत नाही.

आणि सगळीकडे वाढच होते असंही नाही. आपल्याच लक्षद्वीपमध्ये बंगाराम प्रवाळद्वीपातलं परळी-1 हे निर्मनुष्य बेट झिजून पूर्ण गेलं, 2017 मध्ये त्याचा अभ्यास आला होता.

मी पाण्याच्या कामात आहे, म्हणून पाण्याचं सांगते. फुनाफुतीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणाइतका! तरी 2011 च्या सप्टेंबरात आणीबाणी जाहीर करावी लागली. ला निन्यामुळे काही महिने पावसाने दडी मारली, टाक्यांनी तळ गाठला आणि घराला दिवसाकाठी दोन बादल्यांवर आणलं. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाने विमानाने पाणी गोडं करायची यंत्रं पोचवली. नदी नाही, तलाव नाही, विहिरीचं पाणी खारं आणि शोषखड्ड्यांनी नासलेलं. छतावर पडलं आणि टाकीत साठलं, तेवढंच पाणी. म्हणून तिथे घर बांधताना पत्रा आणि पन्हळ नीट लावणं हा जिवाचा प्रश्न आहे. समुद्र 2050 मध्ये किती चढेल हे बोलत असताना यंदाच्या उन्हाळ्यातली टाकी कोण बघतं, हा माझा प्रश्न.

सोनचाफा
वाचतेय. रानजाई, लक्षद्वीपमध्ये पाण्याचं काय करतात?

रानजाई
कवरत्तीला 2005 पासून एक वेगळं संयंत्र आहे, आपल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचं. वरचं समुद्राचं पाणी कोमट, खोलवरचं थंड. कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवायचं आणि ती वाफ थंड पाण्याने निववायची. दिवसाला एक लाख लिटर. गाळणीचे पडदे बदलावे लागत नाहीत, रसायनं नकोत. पण किनाऱ्याजवळच समुद्र खोल पाहिजे आणि पंप सतत चालू पाहिजेत. तुवालूत वीज अजून मोठ्या प्रमाणात डिझेलवर आहे आणि डिझेल बोटीने येतं, त्यामुळे पाण्याचा भाव शेवटी डिझेलच्या भावावर येऊन थांबतो. 2023 मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोरेस्बीच्या परिषदेत भारताने पॅसिफिकमधल्या 14 ही बेटदेशांना पाणी गोडं करायची यंत्रं देऊ असं जाहीर केलं होतं. माझं म्हणणं, यंत्राबरोबर सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारा प्रशिक्षित माणूसही द्या. लहान बेटावर एक वॉशर गेला की पुढची बोट येईपर्यंत यंत्र बंद.

टपालखुणा
माझी तुवालूशी ओळख तिकिटांतून. ऐंशीच्या दशकात माझ्या संग्रहात रेल्वे इंजिनांची सुंदर तिकिटं आली, ज्या देशात एकही रूळ नाही त्या देशाची! तेव्हा तिकीटविक्री हे त्यांच्या सरकारचं खरंखुरं उत्पन्न होतं.

लोक भीक मागत बसलेत असं चित्र कुणाच्या मनात असेल तर ते काढून टाका. 1987 मध्ये त्यांनी मित्रदेशांच्या आणि स्वतःच्या पैशातून 2.7 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा न्यास उभारला. बाजार बरा असेल त्या वर्षी त्यातून घ्यायचं, मूळ रक्कम राखायची. मग इंटरनेटवर '.टीव्ही' हे नाव वाट्याला आलं. ते भाड्याने दिलं आणि त्या पैशातून 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व घेतलं, 189 वा देश म्हणून. रस्त्यांचं डांबरीकरणही त्याच पैशातून. आणि सगळ्यात मोठी कमाई ट्यूना मासेमारीच्या परवान्यांची. जमीन 26 चौरस किलोमीटर, पण हक्काचा समुद्र साडेसात लाख चौरस किलोमीटरच्या घरात.

विठू
म्हणजे ट्विचवर (twitch.tv) गेम बघणारे सगळे तुवालूच्या तिजोरीत भर घालतात? आजपासून माझा भाऊ घरी हेच कारण सांगणार :)

दर्यावर्दी
निवळशंख, धागा काढलात बरं केलंत. जर्मन मालकाच्या कंटेनर जहाजांवर इंजिन खात्यात बरीच वर्षं काढली. डेकवर तुवालू आणि किरिबातीची पोरं असायची. फुनाफुतीजवळ अमातुकू नावाच्या बेटावर त्यांची खलाशी शाळा आहे, 1979 पासूनची. तिथून आलेला पोरगा दोर, रंग, बोट, आग विझवणं, सगळ्यात तयार. वादळात त्यांच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही.

एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) होता वैतुपू बेटाचा. त्याच्याकडून पुलाकाबद्दल ऐकलं. अळूच्याच जातीचा कंद, पण पान छातीपर्यंत येतं. जमिनीत गोडं पाणी लागेपर्यंत मोठा खड्डा खणायचा, तळाशी चिखल आणि पालापाचोळा. प्रत्येक रोपाभोवती विणलेलं कुंपण करून त्यात पानं भरत राहायची. कुठली पानं, कधी, किती, हे प्रत्येक घराचं वेगळं आणि ते बाहेर सांगत नाहीत. कंद काढायला वर्षं लागतात. हे खड्डे आजोबा-पणजोबांनी खणलेले. सुट्टीवरून परत आला की आम्ही विचारायचो, खड्डा कसा आहे? एका वर्षी म्हणाला, पानांच्या कडा पिवळ्या पडल्यात, खालून मीठ येतंय. त्यानंतर बापाने नवी रोपं लावली नाहीत. आता घरी तांदूळ आणि डब्यातलं मांस खातात, आणि मधुमेह घरोघरी.

2008 च्या मंदीनंतर या पोरांच्या नोकऱ्या खूप घटल्या. स्वस्तात दुसरीकडची माणसं मिळायला लागली. याची बातमी कुठे झाली नाही, पण कितीतरी घरांचा महिन्याचा पैसा त्यात बंद झाला.

खाजणकर
दर्यावर्दीकाका, पुलाकाचं वाचून राहवलं नाही. आमच्या गोव्यात खाजन शेतात खारं पाणी शिरलं तर बांध बांधून, मानशीची दारं लावून दोन-तीन पावसाळे गोड्या पाण्याने धुऊन काढतात. मीठ ओहोटीबरोबर बाहेर जातं आणि कोरगूट भात पुन्हा उभा राहतो. तुवालूत असं काही करता येत नाही का?

रानजाई
@खाजणकर, नाही, आणि कारण पुलाकाच्या खड्ड्यातच आहे. खाजनात पाणी बाहेर जायला वाट असते. हा खड्डा भूजलाच्या पातळीवरच खणलेला, त्याला निचरा नाही. गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. समुद्र चढला किंवा पाऊस कमी झाला की थर विरतो. 2015 मध्ये पाम वादळाच्या लाटा नुई बेटावर शिरल्या तेव्हा खड्डे वरूनच खारे झाले. उपाय म्हणून काही ठिकाणी सिमेंटचे वाफे करून, खालच्या पाण्यापासून तोडून लागवड करतात. त्याला कंपोस्ट हवं, आणि गोडं पाणी पुन्हा टाकीतूनच.

काजवा
दर्यावर्दींसाठी अवांतर: फुनाफुतीचा रनवे 1943 मध्ये अमेरिकी सैन्याने बांधला. त्यासाठी नारळी-पुलाकाची चांगली जमीन गेली, आणि भरावासाठी प्रवाळ खणलं त्याचे मोठे खड्डे मागे राहिले. पुढची सत्तर वर्षं त्यांत खारं पाणी आणि कचरा, कडेला झोपड्या. 2015 च्या सुमाराला न्यूझीलंडच्या मदतीने लगूनमधली वाळू टाकून ते बुजवले. हे खड्डे समुद्र चढून झाले नाहीत. परक्यांच्या युद्धाने केले आणि तसेच टाकून गेले.

आता रनवेवर संध्याकाळी सगळं गाव असतं, व्हॉलीबॉल, फुटबॉल, गप्पा. विमान यायचं झालं की सायरन होतो आणि सगळे बाजूला होतात. एवढी मोठी सपाट मोकळी जागा देशात दुसरी नाही.

चौकस
+१ काजवा. सगळं हवामानबदलाच्या खात्यावर टाकायचं नाही, हाच माझा मुद्दा. कचरा, सांडपाणी, राजधानीत झालेली गर्दी हे प्रश्न समुद्र एक सेंटीमीटर चढला नाही तरी उरतील. फोंगाफालेच्या उत्तर टोकाला कचऱ्याचा ढीग आहे, कारण जे येतं ते डब्यात आणि प्लास्टिकमध्ये येतं आणि परत जात नाही. त्यांनी 2019 मध्ये एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या आयातीवर बंदी घातली, हे चांगलंच आहे.

आणि फालेपिली करारातलं एक कलम कुणी बोललं नाही. संरक्षण, पोलीस, बंदरं, दूरसंचार, वीज अशा बाबतींत तुवालूला तिसऱ्या देशाशी काही करायचं असेल तर आधी ऑस्ट्रेलियाशी सहमती लागते. व्हिसाच्या बदल्यात हे दिलं आहे. मला ते महाग वाटतं.

शेवंती_ऑकलंड
धागा सावकाश वाचला. मी पश्चिम ऑकलंडमध्ये राहते, वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करते. इथे तुवालूची मोठी वस्ती आहे आणि माझ्या सहकाऱ्यांतही दोघी-तिघी आहेत. न्यूझीलंडमध्ये तुवालूसाठी वर्षाला 75 जणांचा कोटा वीसेक वर्षांपासून आहे, म्हणजे सोडत लावून देश सोडणं त्यांना नवीन नाही.

निवळशंख, तुमची कळकळ समजते, पण 'आधी जमीन' हे मला पटत नाही. माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी एकजण आहे. तिचे आईवडील फुनाफुतीत, घर लगूनच्या काठी. उधाणाच्या दिवसांत ती मध्यरात्री फोन लावून विचारते, पाणी कुठवर आलं? वडील म्हणतात, शौचालयापर्यंत. ती म्हणते, इकडे या. ते म्हणतात, तुझ्या आजीची कबर इथे आहे, मी येणार नाही. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांनाही वाट मोकळी पाहिजे. ती इथे आहे म्हणून तिकडे टाकी नवी झाली, पत्रा बदलला. गेलेला माणूस देशातून वजा झाला असं तुमच्या हिशेबात आहे, प्रत्यक्षात तसं होत नाही. आपल्यातली किती घरं मुंबईच्या आणि आखाताच्या मनीऑर्डरीवर उभी राहिली?

एक मात्र खरं, पहिली काही वर्षं इथेही हाल असतात. थंड, ओलसर भाड्याची घरं, एकेका खोलीत चार-चार माणसं, मुलांना दमा. चर्चने माणसं धरून ठेवली आहेत. भाषा तिसऱ्या पिढीत टिकेल का, याची काळजी त्यांच्या प्रत्येक आजीला आहे.

सोनचाफा
शेवंतीताई, फार मनापासून लिहिलंत.

माझा प्रश्न कायद्याचा. समजा शंभर वर्षांनी जमीन उरली नाही, तर तो साडेसात लाख चौरस किलोमीटर समुद्र कुणाचा? मासेमारीचे पैसे कुणाला?

टपालखुणा
याचा विचार त्यांनी आपल्या आधी केला आहे. 2023 मध्ये त्यांनी राज्यघटनेतच लिहून टाकलं की समुद्र चढून जमीन गेली तरी तुवालूचं राज्य कायम राहील आणि सागरी हद्दही. फालेपिली करारात ऑस्ट्रेलियाने हे मान्य केलं. @चौकस, तुमच्या महाग सौद्याच्या दुसऱ्या पारड्यात हेही धरा. पुढे 23 जुलै 2025 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वानुआतू या बेटदेशाच्या पुढाकाराने विचारलेल्या प्रश्नावर मत दिलं. एकदा स्थापन झालेल्या राज्याचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राज्यपण जाईलच असं नाही, आणि चढत्या समुद्रामुळे ठरलेल्या सागरी हद्दी बदलायची गरज नाही. 2021 मध्ये तुवालूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलले तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. मला त्याहून मोठं काम हे कागदावरचं वाटतं.

निवळशंख
सगळ्यांचे आभार. शेवंतीताई, मनीऑर्डरीचा मुद्दा मान्य, पण कोकणातली कुलूपबंद घरंही आपण पाहिली आहेत. पैसा येत राहतो आणि गाव पावसाळ्यात पडत राहतं. चाकरमानी गणपतीला एका रात्रीत पोचतो. ऑस्ट्रेलियातून फिजीमार्गे फुनाफुतीला जायचं विमानभाडं ज्याला झेपेल तोच परत जाईल.

आणि बाहेरची बेटं? नानुमेआ, नियुताओ, नुकुलाएलाए. उंच पट्टा राजधानीत झाला. तिकडे काही ठिकाणी लाटा अडवायला बांध घातले गेले, पण नवी जमीन नाही. सगळा पैसा फुनाफुतीत आला तर बाहेरची माणसं आधी फुनाफुतीत येणार, टाक्या आणखी लवकर रिकाम्या होणार.

दर्यावर्दी
निवळशंख, जाणं आणि राहणं यांत त्यांनी पूर्वीही एकच निवडलेलं नाही. आमचा बोसन वैतुपूचा म्हणून मला हे ठाऊक. 1946 मध्ये वैतुपूच्या लोकांनी स्वतःच्या पैशाने फिजीमधलं किओआ बेट विकत घेतलं. गावात गर्दी झाली होती, जमीन पुरत नव्हती. थोडी कुटुंबं तिकडे गेली, बाकी राहिली. आजही किओआत त्यांची भाषा आहे आणि दोन्हीकडे नातीगोती चालू आहेत. सत्तर-पंचाहत्तर वर्षं दोन्ही गावं जिवंत. ते जमलं कारण एकत्र गेले, एका जागी राहिले आणि जमीन मालकीची होती. सोडतीत एकेक घर सुटं पडतं. ऑस्ट्रेलियात ही माणसं कुठे उतरतात, एका शहरात की दहा ठिकाणी, त्यावर बरंच ठरेल.

शेवंती_ऑकलंड
दर्यावर्दीकाका, अगदी हेच. इथे पश्चिम ऑकलंडमध्ये सगळे जवळजवळ राहिले म्हणून टिकले. निवळशंख, भाड्याबद्दल तुमचं खरं आहे. व्हिसाबरोबर वर्षाला एकदा परतीचं तिकीटही दिलं तर मोठा फरक पडेल. नर्स किंवा वायरमन तीन महिने तिकडे काम करून येऊ शकेल.

रानजाई
आणि नव्या उंच पट्ट्यावर काय बांधणार हेही आत्ताच ठरू दे. माझ्या मते पहिली दोन कामं: मोठी जमिनीखालची टाकी आणि दवाखाना. सरकारी कचेऱ्या नंतर. बाहेरच्या बेटांना दरमाणशी साठवणीचा आकडा ठरवून द्या आणि पुढचा निधी त्या आकड्याशी बांधा. हे करायला 2100 ची वाट बघावी लागत नाही.

चौकस
रानजाईंच्या यादीत सांडपाणी घाला, नाहीतर नवी टाकीही जुन्या विहिरीसारखी नासेल. बाकी सहमत. निवळशंख, पुढच्या सोडतीचे आकडे आले की इथेच टाका. किती जण गेले आणि किती जण वर्षभरात परत येऊन गेले, दोन्ही बघायचं आहे.